बिनविरोध सर्व्हर

प्रिंटर एकच होता आणि तो कोषाध्यक्षांच्या टेबलावर होता. सार्वजनिक संस्थेशी ज्यांचा कधी ना कधी संबंध आला आहे, त्यांना याहून जास्त पार्श्वभूमी सांगायची गरज नाही.

बाकीचं थोडक्यात. तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारं, ‘ब’ वर्गात असलेलं आणि ‘अ’ वर्गाची स्वप्नं पाहणारं. संगणक तीन : खाली ग्रंथपालबाईंकडे एक, कार्यवाहांकडे एक आणि माडीवर कोषाध्यक्षांच्या खोलीत एक, प्रिंटरसह. नव्या पुस्तकांची यादी छापायची झाली की बाई ती फ्लॉपीवर घेऊन जिना चढत आणि खोलीला कुलूप असलं की तशाच उतरत. फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी होती. कोषाध्यक्षांच्या दुपारच्या झोपेची बरीच जास्त होती.

प्रस्तुत लेखक तेव्हा पुण्यात नोकरी करत होता आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात ‘तरुण रक्त’ या राखीव जागेवर होता. मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीड्यांवरून तो लिनक्स शिकला होता आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर ‘सर्व्हर बसवा’ हेच आहे, अशी त्याची खात्री झाली होती. मासिक सभेला तो क्रिम्पिंग टूल घेऊन येई. केबलच्या टोकाला आरजे-४५ कनेक्टर दाबून बसवायचं हे हत्यार; सभेत त्याचा काडीचा उपयोग नसे. पण चहाच्या कपाशेजारी ते ठेवलं की वडीलधारी मंडळी ‘हे काय आणलंय?’ असं विचारत आणि मग लेखकाला ‘काही नाही हो, असंच’ असं म्हणता येई. एवढ्यासाठी त्याने ते पुण्याहून एसटीने आणलेलं असे.

देणगीत आलेल्या एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून त्यावर सांबा नावाचा कार्यक्रम चालवावा, प्रिंटर त्याला जोडावा, म्हणजे तिन्ही टेबलांवरून छापता येईल आणि फायली एका जागी राहतील, असा ठराव लेखकाने मांडला. खर्चाच्या रकान्यात शून्य असल्यामुळे तो एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात ‘सांबार सर्व्हर’ असं लिहिलं गेलं आणि पुढच्या सभेत मागील सभेचं इतिवृत्त बिनदुरुस्ती कायम झाल्यामुळे आजही कागदोपत्री त्या वाचनालयात सांबारच आहे.

सांबाची जन्मकथा लेखक कुणालाही सांगे, कुणी विचारलेलं नसलं तरी. १९९१च्या डिसेंबरात कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला आपल्या डॉसच्या पीसीवरून युनिक्स यंत्रातल्या फायली हव्या होत्या. तारेवरून काय जातं-येतं ते टिपत, त्यावरून नियम ओळखत त्याने एक सर्व्हर लिहून काढला. ही पद्धत पुढे तो फ्रेंच कॅफेचं उदाहरण देऊन समजावत असे : फ्रेंच येत नसेल तर कॅफेत जाऊन बसावं आणि गिऱ्हाईक काय म्हणतं, त्यावर वेटर काय आणून देतो, हे पाहत राहावं. जानेवारी १९९२ मध्ये त्याने तो सर्व्हर लोकांना वाटून टाकला आणि विषयच सोडून दिला. जवळपास दोन वर्षांनी बायकोचा पीसी आपल्या लिनक्सला जोडायचा होता, तेव्हा ते जुनं काम आठवलं. लावून पाहिलं, तर चाललं. १९९४ मध्ये एका कंपनीने सर्व्हरच्या तेव्हाच्या नावावर हरकत घेतली, म्हणून त्याने युनिक्समधल्या शब्दसंग्रहातून, एसएमबी या मूळ नियमावलीची अक्षरं धरून, ‘एस’ने सुरू होणारे आणि पुढे क्रमाने ‘एम’ आणि ‘बी’ येणारे शब्द शोधले. जे मोजके शब्द निघाले त्यांत सॅमनबेरी नावाचं एक फळ होतं आणि सांबा नृत्य होतं. फळ हुकलं.

सांबाबरोबर येणाऱ्या कागदपत्रांत एक परिच्छेद लेखकाला पाठ होता. ट्रिजेल पैसे मागत नाही, पण कुणी पिझ्झा दिला तर त्याला आवडतो. देणारा वीस हजार किलोमीटरवर असेल तर जरा जमवाजमव करावी लागते, पण लोकांनी ती केलेली आहे, असा त्याचा मथितार्थ. आमच्या मंडळाने या कामासाठी वडा-पाव मंजूर केला होता. तोही सभेच्या दिवसापुरता.

सांबाचा सगळा कारभार एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतो. तिचं नाव ‘एसएमबी डॉट कॉन्फ’. वर ‘ग्लोबल’ विभाग, खाली प्रत्येक फोल्डरचा एकेक, शेवटी ‘प्रिंटर्स’. कोणता फोल्डर कुणाच्या नावे, कोण आत येणार, कोण नुसतं पाहणार, कोण फेरफार करणार, हे सगळं तिथे काळ्यावर पांढरं लिहावं लागतं. थोडक्यात, तो संस्थेचा सातबारा. आणि सातबारा म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. पण ते नंतर, आधी बारसं.

यंत्राला नाव लागतं. नेटबायॉस नावाच्या जुन्या पद्धतीत त्याला पंधराच अक्षरं मिळतात. सोळावी जागा यंत्र स्वतःसाठी राखून ठेवतं. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की पीसी ज्यांनी दिला त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव, वडिलांच्या वडिलांच्या नावासह, आडनावासह आणि ‘स्मृतिप्रीत्यर्थ’सह यावं. लेखकाने पंधरा अक्षरांची मर्यादा सांगितली. अध्यक्षांनी ती मर्यादा कुणी घातली हे विचारलं आणि त्यांना पत्र लिहायची तयारी दाखवली. अखेर नाव ‘वाचनालय’ ठेवलं. त्याखाली एक ‘सर्व्हर स्ट्रिंग’ नावाची ओळ असते. शेजारच्या यंत्रांवर नावापुढे जे वर्णन दिसतं ते तिथे लिहायचं. या ओळीत रचनाकार म्हणून आपलं नाव घालायचं लेखकाने आदल्या रात्रीच ठरवलं होतं, आद्याक्षरांसकट. याला मोठा आधारही होता. ज्या एसएमबी नियमावलीवर हे सगळं चालतं ती आयबीएमच्या बॅरी फाइगनबाउमने रचली आणि सुरुवातीला तिला स्वतःच्याच आद्याक्षरांवरून ‘बीएएफ’ असं नाव दिलं होतं. मग ते बदललं. लेखकाला बदलायची वेळही आली नाही. त्या ओळीत स्मृतिप्रीत्यर्थ बसलं.

आता निवडणुकीविषयी. घाईत असलेल्या वाचकांनी पुढचे काही परिच्छेद वगळले तरी चालेल. लेखकाला मात्र ते वगळणं या जन्मी शक्य नाही.

त्या काळच्या विंडोजमध्ये ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडलं की शेजारच्या यंत्रांची यादी दिसे. ही यादी कोण ठेवतं? त्यासाठी एक प्रमुख लागतो. त्याला मास्टर ब्राउझर म्हणतात. आणि हा प्रमुख निवडणुकीने ठरतो. हा विनोद नाही. नियमावलीत शब्दच ‘इलेक्शन’ असा आहे. प्रमुख सापडत नाही असं एखाद्या यंत्राच्या लक्षात आलं की ते निवडणूक पुकारतं; प्रत्येक उमेदवार आपली पात्रता ओरडून सांगतो; ज्याची जास्त तो प्रमुख, बाकीचे गप्प बसतात. पात्रतेचं नाव ‘ओएस लेव्हल’. विंडोज ९८ची १, एक्सपीची १६, एनटी सर्व्हरची ३२. बरोबरी झाली तर जो जास्त वेळ चालू आहे तो जिंकतो. त्यातही बरोबरी झाली तर वर्णानुक्रमे ज्याचं नाव आधी येतं तो. म्हणजे तिसऱ्या फेरीत आपल्याकडच्या आबा, अण्णा आणि अप्पांना मरण नाही.

मौज पुढेच आहे. सांबाला ही पात्रता जन्मतः २० मिळते, पण ती फाइलमध्ये हवी तशी बदलता येते, ० ते २५५. उमेदवाराने आपली लायकी स्वतःच लिहायची आणि ती तपासणारं कुणी नाही! आपल्याकडे निदान २००३ पासून शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. इथे ‘ओएस लेव्हल = ६५’ लिहिलं की झालं. ६५ हा आकडा त्या काळच्या नमुन्यांत सर्रास दिसे, आणि एक विंडोज ९८ व दोन एक्सपी यांच्यापुढे तो पुरून उरला असता. लेखकाने २५५ लिहिला.

त्यावर ‘प्रेफर्ड मास्टर = यस’ ही आणखी एक ओळ असते. ती लिहिली की सर्व्हर सुरू होताच, प्रमुख जागेवर असो वा नसो, निवडणूक लादतो. एकाहून जास्त यंत्रांना ही ओळ देऊ नका, नाहीतर ती अखंड निवडणुकाच लढत बसतील आणि तारेवर नको ती गर्दी होईल, असा इशारा सांबाच्या कागदपत्रांत दिलेला आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सहकारी संस्थेच्या सभासदाला हा इशारा समजावून सांगावा लागत नाही.

त्यात भारनियमन. दुपारी वीज जाई, परत आली की तिन्ही संगणक एकदम सुरू होत. पण सर्व्हरला उठायला वेळ लागे. तोवर माडीवरचा एक्सपी प्रमुख होऊन बसलेला असे. म्हणजे कोषाध्यक्षच. मग सर्व्हर उठे, निवडणूक लादे आणि २५५ मतांनी म्हणावं अशा फरकाने जिंके. आठवड्यातून जितक्या वेळा वीज जाई तितक्या पोटनिवडणुका होत आणि प्रत्येक वेळी लेखकाचाच उमेदवार निवडून येई. वाचनालयाच्या खऱ्या निवडणुकीत लेखकाला एकदाही उभं राहावं लागलं नव्हतं, कारण ती कायम बिनविरोध होई. तिथे आदल्या रात्री कुणाच्या तरी ओट्यावर यादी ठरत असे. इथे निदान सर्व उमेदवारांना आपला आकडा मोठ्याने सांगावा लागे.

मतदारयाद्यांचाही प्रश्न होता. यंत्र बंद केलं तरी यादीतलं नाव लगेच जात नाही. यंत्रं दर १२ मिनिटांनी ‘मी आहे’ असं कळवतात. तीनदा कळवलं नाही तर, म्हणजे ३६ मिनिटांनी, नाव काढतात. यादीच्या दुय्यम प्रती दर १५ मिनिटांनी ताज्या होतात. तेव्हा एखादं बंद पडलेलं यंत्र ५१ मिनिटांपर्यंत शेजारी म्हणून दिसत राहू शकतं. ‘अहो, दिसतंय पण उघडत नाही!’ असं कार्यवाहसर खालून ओरडत, तेव्हा लेखक त्यांना हे गणित समजावून सांगे. सर म्हणत, ‘५१ मिनिटं काहीच नाहीत, आमच्या प्रभागाच्या यादीत माझे वडील अजून आहेत.’

ही निवडणूक आता होत नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून जगभरचे संगणक धरले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमध्ये ती आवृत्ती आपोआप बसवणं थांबवलं. २०१९ मध्ये सांबानेही ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. तिच्याबरोबर ती जुनी शेजारयादी गेली, मास्टर ब्राउझर गेला आणि २५५ या आकड्याला असलेला सगळा मान गेला. लिनक्सवाल्यांना २०१७च्या त्याच मे महिन्यात खुद्द सांबामध्येही एक मोठं भोक सापडलं, त्यामुळे फार हसताही आलं नाही.

आता सातबारा.

लेखकाने सभेत तांत्रिक प्रश्न म्हणून विचारलं : कोणता फोल्डर कुणाला वाचता येईल, कुणाला लिहिता येईल आणि कुणाला छापता येईल? याला वीस मिनिटं लागतील अशी त्याची समजूत होती. पण या प्रश्नाचं उत्तर देणं त्या संस्थेने अनेक दशकं मोठ्या कौशल्याने टाळलं होतं. हिशेबाचा फोल्डर आपल्याशिवाय कुणालाही दिसू नये, असं कोषाध्यक्ष म्हणाले. ‘अध्यक्षांनाही?’ ‘त्यांनी विचारलं तर मी सांगेनच की.’ अध्यक्षांना सगळं पाहायचं होतं, पण आपण पाहतो हे कुणाला कळू नये, अशी सोय हवी होती. मग कुणीतरी विचारलं की खुद्द लेखकाला काय दिसेल. लेखकाने सांगितलं की जो सर्व्हर सांभाळतो तो ‘रूट’ असतो आणि रूटला सगळंच दिसतं. सभेत जी शांतता पसरली ती लेखकाच्या सार्वजनिक आयुष्यातली सर्वांत सुखाची. त्याने क्रिम्पिंग टूल उचलून खिशात ठेवलं.

मग दाखल नोंदवहीचा फोल्डर आला. वाचनालयातल्या हजारो पुस्तकांची नोंद, दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, सगळं ग्रंथपालबाईंनी एकटीने टाइप केलेलं. पिवळ्या पडलेल्या जाड वह्यांतून, दुपारी वाचक कमी असतात त्या वेळात. मंडळाचा निर्णय झाला : समितीच्या सर्व सदस्यांना लिहायचा अधिकार, ग्रंथपालांना फक्त वाचायचा. ‘चुकून काही पुसलं-बिसलं गेलं तर?’ हे कारण. ज्यांनी त्या वह्यांचं कपाटही कधी उघडलं नव्हतं त्यांच्या हातून काही पुसलं जाणार नाही, याची सर्वांना खात्री होती. शिपाईमामांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. प्रिंटरमध्ये कागद भरणं आणि अडकलेला कागद ओढून काढणं ही दोन्ही कामं त्यांची. पण छापायचा अधिकार त्यांना कशाला?

बाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘चालेल. फक्त यापुढे टाइप कोण करणार तेवढं ठरवा.’ यावर कुणी काही बोललं नाही. पगार अनुदानातून येतो आणि अनुदान वेळेवर येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या बाई तरीही वेळेवर येतात त्यांना ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असं सांगायला मंडळाला एक ओळ पुरली. ठराव नाही, चर्चा नाही, कारणमीमांसा नाही. लेखकाने अशा संस्थांमधल्या बऱ्याच गोष्टी हसून सोडल्या आहेत. ही त्याला हसून सोडता येत नाही. संस्थेचं खरं काम ज्याच्या हाताने होतं त्याच्याकडे त्या कामाची किल्ली कधीच नसते, आणि ही पद्धत एका वाचनालयापुरती असती तर तिच्यावर लिहायचं कारण नव्हतं.

सांबाच्या फाइलमध्ये टिपणीची खूण दोन प्रकारांनी करता येते. ओळीच्या सुरुवातीला ‘#’ टाकलं की ती ओळ यंत्र वाचत नाही. अर्धविराम टाकला तरी वाचत नाही. वर्गवारीसाठी पहिली खूण स्पष्टीकरणाला वापरतात, दुसरी ज्या ओळी पुढेमागे चालू करायच्या असतील त्यांना. मंडळाने सांगितलेली ओळ लेखकाने जशीच्या तशी लिहिली : ‘रीड लिस्ट’, बरोबर, आणि पुढे बाईंचं नाव. तिच्या आधी एक अर्धविराम टाकला. फाइल छापून मंडळापुढे ठेवली. आपापल्या नावाची ओळ प्रत्येकाने वाचली, सह्या झाल्या. लेखक त्या दिवशी क्रांतिकारकाच्या चालीने बाहेर पडत होता, तेवढ्यात बाईंनी तो कागद हातात घेतला. व्याकरणाला त्या पक्क्या होत्या. म्हणाल्या, ‘हा अर्धविराम इथे चुकीचा आहे.’ मग जरा थांबून, ‘पण राहू दे.’

छपाईचं प्रकरण त्या मानाने सरळ होतं, म्हणजे ते फक्त यंत्राशी होतं. छापायच्या कामांची रांग लावायला ‘कप्स’ नावाचा कार्यक्रम होता. तो मायकेल स्वीट यांनी लिहिला आणि पुढे ॲपलने विकत घेतला. लिनक्सच्या गाभ्यात प्रिंटरसाठी एक संदेश अजूनही आहे : ‘एलपी शून्य ऑन फायर’, म्हणजे प्रिंटर पेटला आहे. प्रिंटरची अवस्था कुठल्याच नेहमीच्या खुणेत बसत नाही तेव्हा हे छापलं जातं. लेखक तो संदेश एकदा तरी दिसावा म्हणून नोंदी चाळत बसे. दिसला तो साधाच दिवा, लुकलुकणारा पिवळा. पानं रांगेत अडकलेली, प्रिंटर गप्प. लेखकाने सर्व्हर तपासला, कप्स तपासला, सांबाची ‘टेस्टपार्म’ नावाची परीक्षा घेतली, सगळं उत्तीर्ण. कप्समध्ये मुळात ठरलेला कागद होता अमेरिकी ‘लेटर’ आकाराचा, २१६ बाय २७९ मिलिमीटर. ट्रेमध्ये आपला ए-फोर, २१० बाय २९७. प्रिंटर लेटर कागदाची वाट पाहत होता, आणि तो कागद आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेलाही नव्हता. लेखक हे सर्वांना खुलासेवार सांगत असताना शिपाईमामा आले आणि त्यांनी समोरचं हिरवं बटण दाबलं. प्रिंटरने आहे त्या कागदावर निमूटपणे छापायला सुरुवात केली. ‘तो रोजच असं करतो,’ मामा म्हणाले.

प्रिंटरवरचा राग कमी लेखू नये. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या रिचर्ड स्टॉलमनने जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा, अशी सोय केली होती. नव्या लेझर प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मात्र त्याला मिळाला नाही. कार्नेगी मेलनमधल्या ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेच्या कराराचं कारण देऊन नकार दिला. मुक्त सॉफ्टवेअरची पुढची सगळी चळवळ सांगताना स्टॉलमन त्या अडकलेल्या कागदापासून सुरुवात करतो. सांबाच्या मंडळींचाही झगडा माहितीसाठीच होता. २००४च्या मार्चमध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला. सर्व्हरांच्या आपसातल्या संभाषणाची माहिती प्रतिस्पर्ध्यांना न देणं, हा त्यातला एक आरोप होता. डिसेंबर २००७ मध्ये १०,००० युरो एकरकमी भरून ती कागदपत्रं सांबाला मिळाली. तोवरची १५ वर्षं त्या लोकांनी कॅफेत बसून काढली होती.

आमच्याकडे कागदपत्रं मिळूनही वाचता येत नव्हती, ती वेगळ्या कारणाने. तिन्ही संगणकांवर तीन वेगवेगळे मराठी फाँट. त्या जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की वार्षिक अहवालाच्या जागी रोमन लिपीतला गोंधळ. फाइल माडीवरून खाली एका क्षणात यायची आणि निरुपयोगी ठरायची. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण बाईंच्या विंडोज ९८ला ती येत नव्हती. कार्यवाहसरांनी निष्कर्ष काढला की सर्व्हरने मराठी खराब केली.

आणि फोल्डर? कोषाध्यक्षांचा गुप्त फोल्डर, समितीचा फोल्डर, अध्यक्षांचा अदृश्य फोल्डर, सगळे रिकामे राहिले. कारण कुणालाच आपला पासवर्ड आठवेना. सांबाचा पासवर्ड वेगळा, यंत्राचा वेगळा, हे लेखकाने समजावलं तेव्हा मंडळाने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. शेवटी ‘सर्व’ नावाचा एक फोल्डर उघडला, कुणीही या, काहीही ठेवा, पासवर्ड नको. प्रिंटरही तसाच सर्वांना मोकळा केला. ज्या प्रश्नावर सभा दुपारभर चालली होती त्याचं संस्थेने असं उत्तर शोधलं. ‘सर्व’मध्ये काकड आरतीच्या एमपीथ्री होत्या, उकडीच्या मोदकांची कृती होती, वार्षिक अहवालाचे ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘खरा फायनल’ असे तीन मसुदे होते आणि कोषाध्यक्षांचा परमगुप्त हिशेबही होता.

मार्चअखेर कोषाध्यक्षांनी कागदाचा विषय काढला. रिमं फार संपत होती. कोण छापतं एवढं? रूटने सांगावं. लेखकाला अशी संधी हवीच होती. त्याने कप्समधली पूर्ण झालेल्या कामांची यादी छापून आणली. त्यात वेळ होती, आकार होता, दस्तऐवजाचं नाव होतं आणि छापणाऱ्याचंही. छापणाऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव : नोबडी. पासवर्डाशिवाय येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांबा याच नावाने आत घेतो.

‘हा कोण?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘कुणी नाही,’ इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असलेले कार्यवाहसर म्हणाले.

‘कुणी नाही कसं? दुपारी अडीचला बावीस पानं काढलीत त्याने. सभासद आहे का? वर्गणी भरतो?’

बोलता बोलता अध्यक्षांचं बोट दस्तऐवजांच्या नावांवरून खाली सरकत होतं. ते एका ठिकाणी थांबलं. तिथे त्यांच्या नातवाचा बायोडेटा होता, विवाहमंडळांसाठी, बऱ्याच प्रतींत. त्यांनी यादी कोषाध्यक्षांकडे सरकवली. कोषाध्यक्षांना तिच्यात त्यांच्या पतपेढीची थकबाकीदारांची पत्रं दिसली. कार्यवाहसरांना खासगी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका दिसल्या. लेखकाला त्याच यादीत सांबाच्या कागदपत्रांची दोनशे पानं दिसली. ती त्याने मधल्या एका रविवारी, वाचनालय बंद असताना, संस्थेच्या हितासाठी काढली होती. सर्वांत खाली दोन पानांचं एक काम होतं : दहावीच्या परीक्षेचा अर्ज, शिपाईमामांच्या मुलीचा. तो कुणाच्या टेबलावरून छापला गेला होता हे यादीत नव्हतं, आणि खाली टेबलं दोनच होती.

बाई पावतीपुस्तक घेऊन आल्या. ‘पानाला एक रुपया लावू का? पावती नोबडींच्याच नावे फाडते. सभासद क्रमांक काय घालू?’

यादी टेबलावर एकदा पूर्ण फिरली आणि पुन्हा कोषाध्यक्षांपुढे आली. त्यांनी ती घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

‘तूर्त किरकोळमध्ये टाका,’ ते म्हणाले, ‘आणि मामांना सांगा, चहा आणा म्हणावं. पाच कप.’

‘सहा,’ बाई म्हणाल्या.